धामणीचा खुलासा

गोदामाचं कुलूप काढलं तरी तो लगेच आत शिरत नसे. दारावर दोनदा काठी आपटायची, खाकरायचं आणि म्हणायचं, "यायलोय बरं का!" आत ज्वारीच्या पोत्यांखेरीज कुणी नाही, असं मला वाटायचं. मी नवा कारकून, तो जुना चौकीदार. सगळे त्याला मामा म्हणत. तिसऱ्या दिवशी पोत्यांमागून पुरुषभर लांबीची धामण निघाली आणि मी टेबलावर चढलो.

"उतरा साहेब. इखारी न्हाई. हितलीच हाय," मामा म्हणाला. वरच्या झरोक्यात एक घुबडही होतं. त्याचीही ओळख करून दिली.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि त्या साली पाऊस आलाच नाही. दुष्काळी कामावरच्या माणसांचं धान्य आमच्याकडे होतं. शिवारात दाणा उरला नाही, तसे तिथले उंदीरही आमच्याकडे आले.

मग तपासणीला नवे साहेब आले. धामण त्यांच्या बुटाजवळून गेली. दुसऱ्या दिवशी ती मारली गेली, झरोक्याला जाळी बसली आणि मामाला नोटीस मिळाली : गोदामात साप पाळल्याबद्दल खुलासा करावा.

मामा सांगत गेला, मी लिहीत गेलो. "पाळली न्हाई. ती पयल्यापासून हाय. मीच मागून नोकरीला लागलो." मग त्यानं कागदावर बोट ठेवलं. "त्यातलं 'हाय' खोडा. 'होती' लिव्हा."

पुढं उंदरांना रान मोकळं झालं. "तीन आठवड्याला एक बाळंतपण," मामा सांगायचा, "आन् दोन-तीन महिन्यांत लेकी बी बाळंतिणी." साहेबांनी चार मांजरं आणवली. ती ओसरीत बसून माझ्या डब्यातली पोळी खायची आणि आतल्या उंदरांचा आकार बघून बाहेरच थांबायची. पोती फुटली, माझ्या खुर्चीचा वेत गेला, फायलीही कुरतडल्या.

"तुमचा खुलासा कुठाय?" साहेबांनी मामाला विचारलं.

"पोचला की साहेब. खाऊन पचवला बी."

पण एके दिवशी कामावरच्या बायका लेंड्यांनी भरलेलं पोतं घेऊन दारात उभ्या राहिल्या. "हे लेकरांना घालावं का?" एकीनं विचारलं.  त्या गेल्यावर साहेब हळूच म्हणाले, "मामा, तसली दुसरी मिळेल?"

मामा मुखेडकडं बहिणीच्या गावी गेला. चार दिवसांनी एसटीनं परतला, मांडीवर तोंड बांधलेलं पोतं.

"काय हाय त्यात?" कंडक्टरनं विचारलं.

"सरकारी नोकर. बदली झाली."

तेवढ्यात पोतं हललं. मामा मागच्या अख्ख्या बाकावर एकटाच पाय पसरून आला.

जाळी निघाली. आठवड्याभरात घुबड आपणहून परतलं. होळीपर्यंत पोती शाबूत राहू लागली. मी विचारलं, "संपले का मामा सगळे उंदीर?"

"सगळे कशाला संपवंल ती? मंग उद्या काय खाईल?"

मामा निवृत्त झाला. काही वर्षांनी सिमेंटचं नवं गोदाम बांधलं. औषधाची धुरी, लोखंडी दारं, एक भेग नाही. एकदा तो ते बघायला आला. मी हौसेनं सगळं दाखवलं. तो कोपऱ्याकोपऱ्यात वाकून बघत होता. शेवटी माझ्याकडं वळून कळवळून म्हणाला, "हितं कुणीच ऱ्हात न्हाई की हो!"

चहाला थांब म्हटलं, तर थांबला नाही. भर उन्हात एसटी स्टँडकडं चालत गेला. त्यानंतर मला तो दिसला नाही.