गव्हर्नर व्याह्यांची बिल्डिंगमधली निवडणूक

त्या दिवशी सकाळी व्याही कोट घालून बिल्डिंगमधल्या अकरा घरी जाऊन आले. आले, सोफ्यावर बसले, पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आले तर बसल्या जागीच गेलेले होते. कोट अंगावरच.

एवारिस्तो नाव त्यांचं. माझ्या सलोनीचे सासरे. मेक्सिकोत एका राज्याचे गव्हर्नर होते, म्हणजे आपल्याकडे मुख्यमंत्री असतो तसं. आधी मास्तर, मग मेयर, मग सहा वर्षं गव्हर्नर. तिकडे परत उभं राहता येत नाही. बायको वारली मग इथं जर्सी सिटीत फ्लॅट घेतला. सलोनी, जावई आणि मी त्यांच्याकडेच राहतो. मी मुलीची आई, पण सकाळचा चहा तेच मला करून द्यायचे. वाईट करायचे. मला विहीणबाई म्हणायचे, तेवढं एकच मराठी यायचं.

एकदा मी सलोनीकरवी विचारलं, किती मतांनी निवडून आलात?

ते म्हणाले, "विहीणबाई, नाव वरून यायचं. मग आम्ही सिमेंटची पोती वाटायचो. लोकांनी मला मत दिलं का पोत्याला, मला अजून माहीत नाही."

म्हणून बिल्डिंगच्या कमिटीला उभे राहिले. जागा एक, उमेदवार दोन. कुणाला काही द्यायचं नाही, म्हणाले, बघू तरी.

आता व्याही उभे आणि आपण गप्प बसायचं का? सलोनीचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतंच. अकरा बायका आल्या. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या दिल्या आणि म्हटलं, आमच्या व्याह्यांना मत द्या हं.

सातव्या मजल्यावरच्या रेखाताई म्हणाल्या, "गव्हर्नरच्या मानानं वाटी लहानच आहे हो."

सगळ्या हसल्या.

रात्री जेवताना सलोनीनं त्यांना सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला. "विहीणबाई, ही पोतीच झाली."

"पोती कुठं, वाण आहे ते," मी म्हटलं.

सकाळी त्यांनी कोट घातला.

मतदान दुसऱ्या दिवशी झालं. आम्ही कुणी गेलो नाही. आठवड्यानं रेखाताई भेटायला आल्या. म्हणाल्या, "एकतीस मतं पडली त्यांना. तीन मतांनी हरले."

"आपल्या अकरा जणी धरून?"

"नाही हो शोभनाताई. आम्ही कुणीच दिलं नाही. दारात येऊन हात जोडून सांगून गेले ना, मला देऊ नका म्हणून."

जावयांनी ऐकलं. उठले, खाली लॉबीत जाऊन बोर्डावरचा निकालाचा कागद काढला. डेस्कवरचा माणूस म्हणाला, तो महिनाभर तिथंच ठेवायचा असतो.

मग फोटो काढला आणि परत लावून आले.