कोण वापरतं म्हणून छाटलेलं

मी मूल गावात राहतो आणि जुन्या कॉम्प्युटरांची मरणं पुढे ढकलतो. कर्नल म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांच्या मधला सॉफ्टवेअरचा मूळ भाग. दर नव्या आवृत्तीत तो जुन्या प्रोसेसरचं ओझं थोडं थोडं उतरवत जातो आणि मी ते परत चढवत बसतो. कंटाळा येतो, खरं सांगतो.

अहेरीच्या पुढं एका लहानशा दवाखान्यात असाच एक म्हातारा कॉम्प्युटर आहे. सुरू व्हायला चार मिनिटं घ्यायचा. मला ते बघवेना. लागत नाही ते सगळं छाटून मी घरीच नवा कर्नल बांधला आणि पेन ड्राइव्हवर नेऊन बसवला. डिस्कवर जागा नव्हती, म्हणून जुना पुसून टाकला. यंत्र मिनिटभरात उभं राहिलं. मी कॉलर ताठ करून बसलो.

तो आठवडी बाजाराचा दिवस होता. आजूबाजूच्या गावांतले लोक बाजाराला आले की दवाखान्यात डोकावतात, एरवी नाही. एक बाई लेकीला घेऊन पहाटेपासून चालत आली होती. पोरीला सिकलसेल हा रक्ताचा आजार, सांधे सुजलेले. मोठ्या दवाखान्यात न्यायला छापील कार्ड हवं होतं.

"भाऊ, प्रिंटर काऊन नाई चालून राह्यला?" दवाखान्यातल्या सिस्टरनी विचारलं.

तो जुना खडखडा प्रिंटर कॉम्प्युटरच्या मागच्या रुंद पोर्टला, म्हणजे जुन्या पद्धतीच्या केबलच्या खाचेला, जोडलेला होता. कर्नलमधला त्या पोर्टचा भाग मीच छाटला होता. आता कोण वापरतं, म्हणून.

"हातानं लिहून द्या ना," मी म्हटलं.

"लिवलेलं तिथी चालत नाई, भाऊ." मग त्या बाईकडं वळल्या. "पुढच्या बाजाराले ये, बाई."

बाई भांडली नाही. "तवरिक लई दुखलं तं?" एवढंच विचारलं. सिस्टरनी गोळ्या बांधून दिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन तो भाग परत घातला, कर्नल पुन्हा बांधला. पुढच्या बाजाराला बसवला आणि प्रिंटर खडखडला.

बाई एकटीच आली होती. पोरीला आठ दिवसांपासून पाय टेकवत नाही, म्हणाली. कार्ड घडी करून पदराला बांधलं आणि माझ्यापुढं हात जोडले.

"भाऊ, तुमी मशीन दुरुस्त केली म्हनून भेटलं."

सिस्टरनी माझ्याकडं पाहिलं. मोडली मीच होती, तरी तो नमस्कार मी घेतला.