मिठाच्या पाण्यातलं धान

मला मिरवायची हौस फार. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वडशाकडच्या एका खेड्यात मी चौथीला शिकवत होते. विरघळण्याचा धडा दोन पेल्यांत उरकला असता: एकात मीठ, एकात खडूची भुकटी. मुलांनी मिठाचं पाणी चाखलं. "मीठ दिसत नाही, पण कुठे गेलंही नाही," मी म्हटलं. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण समोर धानाच्या गावची मुलं बसलेली, म्हणून मी आणखी बरंच मीठ विरघळवलं आणि त्यात मूठभर धान सोडलं. पोचट दाणे वर आले, भरीव तळाशी बसले. बियाणं असं निवडावं, असं मी ठसक्यात सांगितलं.

तीन दिवसांनी वर्गातल्या एका मुलीचे वडील शाळेच्या दारात उभे. "बाई, पोरीनं बियाचं सारं धान मिठाच्या पाण्यातून काढलं. मी घरी नवतो. काल पऱ्हे टाकले. उगवन ना?"

पऱ्हे म्हणजे रोपांचे वाफे. त्यांच्यावरच पुढचं सगळं पीक. मिठाच्या पाण्यातून काढलेलं बियाणं साध्या पाण्यानं धुवावं लागतं, नाहीतर ते नीट उगवत नाही. नेमकं हेच सांगायचं मी साफ विसरले होते. पोरीनं धुतलं होतं का, एवढंच विचारायचं होतं. पण विचारलं असतं तर चूक कोणाची ते उघड झालं असतं.

"उगवेल ना, भाऊ," मी म्हणाले.

मुलगी शाळेत येईना. पाखरं हाकायला पऱ्ह्यांवर बसते, असं मुलांनी सांगितलं. मला ते खरं वाटेना; बी उगवलं नाही म्हणून बापानंच रागानं घरी बसवली असणार. यांचं बियाणं माझ्या शब्दावर गेलं, आता पोरीची शाळाही जाणार, हेच डोक्यात. जेवण जात नव्हतं, मुलांवर उगाच खेकसत होते.

सहाव्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांच्या बांधावर गेले. वाफ्यांत बारीक हिरवे कोंब होते, सगळीकडे. मुलगी काठी घेऊन धावत आली.

"धान धुतलं होतंस का गं?" आता कुठे मी विचारलं.

"हो बाई. दाणा चाखून पाह्यला तं खारट लागे. तुमीच म्हटलं नं, दिसत नाई तरी मीठ रायते? मंग खारट लागनं बंद होयेपर्यंत धुतलं. चारदा. बरोबर नं?"

"बरोबर," मी म्हणाले, आणि तेही मीच शिकवलं असल्यासारखी मान डोलावली.