एका अक्षराचं पोट

माझ्या मामाचं आडनाव ‘नाचले’ नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मतदार यादीत ते तसंच छापलंय, दवाखान्यातल्या केसपेपरवरही तसंच आहे, आणि पोस्टमन तर दारात उभा राहून “नाचले आहेत का घरात?” असं बिनदिक्कत विचारतो. मामा असतो घरात. पण उभ्या आयुष्यात त्याने ठेका धरला तो एकदाच, आणि तोच त्याला नडला.

मामाचा धंदा दगडावर अक्षरं कोरण्याचा. कोनशिला, घरांच्या पाट्या, बाकांवरची देणगीदारांची नावं, काय म्हणाल ते. चाळीस वर्षांपूर्वी, तो अठ्ठावीसचा असताना, नगरपालिकेने त्याला पहिलं मोठं काम दिलं. चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्यावर जुन्या महापुराच्या आठवणीचा फलक बसवायचा होता. मजकूर एवढाच: ‘महापुरात त्र्याहत्तर जण या मनोऱ्यावर चढून वाचले.’ मामा तीन दिवस खपला. शेवटचा शब्द राहिला असताना शेजारच्या खोलीत बँडवाल्यांची तालीम सुरू झाली. ढोल दणदणायला लागला, मामाची हातोडी नकळत त्या तालावर पडायला लागली आणि ‘वाचले’च्या जागी ‘नाचले’ कोरलं गेलं.

अनावरणापर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. प्रमुख पाहुण्यांनी पडदा ओढला, खणखणीत आवाजात “त्र्याहत्तर जण या मनोऱ्यावर चढून नाचले” असं वाचलं, जरासे थबकले, पुन्हा डोळे बारीक करून पाहिलं आणि मग माघार कशी घ्यायची म्हणून म्हणाले, “अशी ही आपल्या माणसांची जिगर!” टाळ्यांचा कडकडाट झाला. मामा मागच्या रांगेत पांढराफटक पडला होता.

दुरुस्ती पाच मिनिटांची होती. न च्या गाठीखालून एक वळण दिलं, म्हणजे मामाच्या भाषेत न ला पोट काढलं, की झाला व. दुसऱ्या दिवशी सकाळी छिन्नी-हातोडी घेऊन मामा हजर! नगरपालिकेने सांगितलं, काम पूर्ण झाल्याचा शेरा पडलाय, फाइल बंद झालीय, आता हात लावाल तर सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान धरू. मामाने अर्ज केला. विषय: एका अक्षराला पोट काढण्याबाबत. मी त्याच कार्यालयात आवक-जावक टेबलावर बसते, त्यामुळे खात्रीने सांगते, या विषयाचे एकतीस अर्ज आमच्या कपाटात आहेत आणि एकाही अर्जाला उत्तर गेलेलं नाही.

दरम्यान गावाने तो शब्द मनावर घेतला. शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी निळे कपडे घातलेली मुलं पूर होतात आणि बाकीची पुठ्ठ्याच्या मनोऱ्यावर नाचतात. माहितीपुस्तिकेत ‘संकटातही नृत्य करणारे रसिक गाव’ असं आलंय. मामा रस्त्याने निघाला की हमखास कोणीतरी “काय नाचलेमामा, आज कुठं?” अशी हाक मारतं. मामा हसून मान हलवतो, पण घरी आल्यावर जेवत नाही नीट. पानावर बसून एकच वाक्य: “माझं चुकलं गं ताई. ते लिहायला नको होतं.”

ही ताई म्हणजे माझी मावशी, मामाहून अकरा वर्षांनी मोठी. तिचे यजमान गेल्यापासून ती मामाकडेच राहते. ती त्या त्र्याहत्तरांपैकी एक, तेव्हा नऊ वर्षांची होती. मामाचा जन्म पुरानंतरचा. मावशी एरवी बोलायला लागली की समोरच्याला उठून जायची चोरी, पण पुराचा विषय निघाला की तिचं तोंड शिवल्यासारखं व्हायचं. मामाचं वाक्य ऐकून ती नुसती म्हणायची, “झालं ते झालं. गिळ आता.”

यंदा जुन्या वास्तू जपणाऱ्या खात्याचा एक तरुण साहेब आला. मनोरा संरक्षित वास्तू ठरणार होता. मामाला वाटलं, आता सुटलो! तो कामाच्याच कपड्यांत साहेबापुढे जाऊन उभा राहिला.

“साहेब, एक वळण. पाच मिनिटं. मी अडुसष्ट वर्षांचा आहे, हात आताशा कापतो. अजून दोन वर्षांनी तेही जमायचं नाही.”

साहेबाने फलकाला टेप लावला, फोटो काढले आणि हळहळून मान हलवली. “आजोबा, आता तर मुळीच नाही. वास्तू आहे तशी जपायची, हा नियम. ती चूक आता ऐतिहासिक झाली.”

“चूक माझी आहे हो! मी जिवंत आहे अजून!”

“त्याला इलाज नाही,” साहेब म्हणाला. मामाच्या जिवंत असण्यालाच इलाज नसल्यासारखं ते ऐकू आलं.

पण पोरगा मनाने चांगला. दोन दिवस डोकं खाजवून त्याने तोड काढली. मूळ फलकाला हात न लावता खाली एक छोटा दगड बसवायचा, शुद्धिपत्राचा. वरून मंजुरीही आणली. मजकूर: ‘वरील फलकात ‘नाचले’ऐवजी ‘वाचले’ असे वाचावे.’

मामाला आनंद झाला आणि लगेच घाम फुटला. “अगं, यात ‘वाचावे’ आहे,” तो मला म्हणाला. “तिथं पुन्हा घसरलो तर ‘असे नाचावे’ होईल. मग मला गाव सोडायला लागेल.” त्याने दगडावर खडूने मजकूर लिहिला आणि माझ्याकडून प्रत्येक व मोजून घेतला. चार वेगवेगळ्या शब्दांत पाच व निघाले. पाचही माझ्याकडून बोटाने दाखवून घेतले, मी काय पहिलीतली पोर आहे! शेजारी बँडवाल्यांची आता तिसरी पिढी आहे. मामाने त्यांना हात जोडून तीन दिवस तालीम बंद ठेवायला सांगितलं. ते म्हणाले, बंद नाही जमणार, पण हळू चालीचं वाजवू.

पहिल्या दिवशी ‘वरील फलकात ‘नाचले’’ एवढं कोरून झालं. अक्षरं काय सुरेख आली होती! दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब मामाच्या कारखान्यात आला, त्याला फाइलसाठी पूर पाहिलेल्या माणसाचा जबाब हवा होता. अशी एकच उरली होती, म्हणून मी मावशीला हाताला धरून घेऊन आले. ती स्टुलावर बसली. साहेबाने आधी तिला नवा मजकूर वाचून दाखवला, कारण मावशीला वाचता येत नाही. शाळेत घातलं त्याच पावसाळ्यात शाळा पुरात गेली, आणि पुन्हा उभी राहीपर्यंत हिचं शाळेचं वय उलटून गेलं होतं.

मावशीने ऐकलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली. “म्हणजे आम्ही नाचलो नाही असं लिहिणार?”

“हो आजी. चूक सुधारतोय.”

“चूक कसली? नाचलोच होतो की!”

मामाच्या हातातली छिन्नी खाली पडली. साहेबाने पेनचं टोपण काढलं.

“आम्ही पंच्याहत्तर चढलो होतो,” मावशी म्हणाली. “सगळे चिंब भिजलेले, वर नुसतं वारं. दोघं भिंतीला टेकून बसले ते उठलेच नाहीत. तेव्हा घड्याळाला किल्ली देणारा होता ना, त्याने तेलाचा रिकामा डबा घेतला आणि बडवायला लागला. म्हणाला, जो बसेल तो मरेल, नाचा! म्हातारे, पोटुशा बायका, सगळे नाचलो. आई मला दंडाला धरून उडवत होती. उजाडून होडी आली तोवर.”

“अगं, मग चाळीस वर्षं बोलली का नाहीस?” मामा ओरडलाच. “मी इथं मेल्याहून मेल्यासारखा...”

“काय बोलायचं? खाली लोकांची घरं वाहून चालली होती, ते दोघं तिथंच पडले होते, आणि मी हसत होते. नऊ वर्षांची होते रे, मला मजा वाटत होती. आईने शपथ घातली, हे कुणाला सांगायचं नाही. त्र्याहत्तरांतलं कुणीच कुणाला बोललं नाही. मग तू ते दगडावरच लिहून ठेवलंस. मला वाटलं, आईने मरताना तुला सांगितलं असेल. सगळं गाव हसायला लागलं. शाळेतली पोरं आमची नक्कल करायला लागली. आणि तू रोज पानावर बसून म्हणायचास, ते लिहायला नको होतं. मी काय समजायचं?”

मामा तिच्या पायाशी, दगडाच्या भुकटीत, खाली बसला. “ताई, ते मला हसत होते गं. तुला नाही. मला.”

“मला काय ठाऊक,” मावशी म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली. मलाही रडू आलं. एका छपराखाली, समोरासमोर जेवायला बसून, ही दोन माणसं एकाच शब्दाला इतकी वर्षं लाजत होती, आणि मी त्या घरी दर रविवारी जाऊन दोघांची थट्टा करून येत होते. शेजारी बँडवाले हळू चालीचंच वाजवत होते.

मग मामा उठला. ओलं फडकं घेतलं आणि दगडावरचा उरलेला खडू पुसून टाकला. कोरलेलं ‘वरील फलकात ‘नाचले’’ तेवढं राहिलं, ते काही पुसता येत नव्हतं. त्याने साहेबाकडे पाहिलं. साहेबाने मंजुरीचा कागद काढला, त्यातला मजकूर आडवी रेघ मारून कापला आणि समासात सही ठोकली. दगडाला जे चाळीस वर्षांत जमलं नाही ते कागदाला एका मिनिटात जमलं.

दोन दिवसांनी दगड बसला. त्यावर आहे:

‘वरील फलकात ‘नाचले’ हेच बरोबर आहे. नाचले, म्हणून वाचले.’

बसवताना गर्दी झाली होती. नेहमीप्रमाणे कोणीतरी मागून “नाचलेमामा!” अशी हाक मारली, आणि मामा पहिल्यांदाच वळून म्हणाला, “मी नाही रे बाबा. ही बघ नाचलेली!” मावशी लाजली, पण पुढे झाली. तिने वरच्या जुन्या फलकावर हात ठेवला आणि मामाला विचारलं, “यातला आमचा कुठला रे?” मामाने तिचं बोट धरून त्या बिनपोटाच्या न वर नेलं. ती बराच वेळ तो न गिरवत उभी होती, आणि तिचा एक पाय जमिनीवर हळूहळू ठेका धरत होता.