सात नंबरची पिशवी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे आमच्या जुन्या गीझरनेसुद्धा दिले नसतील. बँकेने काकांची बदली केली आणि दोघं डमडमला राहायला आली. नव्या गावात आलेल्या बायका आधी बरी भाजी कुठे मिळते ते विचारतात. या बाईंनी विचारलं, "इथला कचरा कुठे जातो हो?" वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांनी पर्यावरण विषयात एम.एस्सी.ला नाव घातलं होतं. वर्गातली बंगाली मुलं त्यांना 'काकीमा' म्हणत आणि परीक्षा आली की त्यांच्याच वह्या पळवत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ओळखीच्या झाडून सगळ्या मराठी बायका त्यांच्याकडे जमल्या. वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात मिष्टी दोईचं, म्हणजे इथल्या गोड दह्याचं, मातीचं भांडं आलं. आमच्या हिने घरी येऊन चमचा घेतला, वरचा कागद काढला, तर आत ओल्या मातीत वळवळणारी गांडुळं! तिची किंकाळी ऐकून समोरचे घोषबाबू "की होलो, की होलो" करत धावत आले. काकू जिन्यातूनच ओरडल्या, "अगं, घाबरतेस काय? खत करतात ती. बाजारात विकत घ्यावी लागतात!"

प्रबंधासाठी त्यांनी आमच्या इमारतीतल्या बारा घरांचा महिनाभराचा कचरा मागितला. प्रत्येक घराच्या पिशवीवर नंबर, आमचा सात. कुणाच्या घरातून काय निघालं हे कुणालाही, अगदी त्या घरच्यांनासुद्धा, सांगणार नाही, असं त्यांनी प्रत्येकाला लिहून दिलं होतं. रोज सकाळी पदर खोचून, हातमोजे चढवून त्या गच्चीवर आमची सालं आणि टरफलं ताणकाट्यावर तोलत बसत. "एका शाकाहारी घरातून इलिश माशाचे काटे निघतात," एवढंच एकदा म्हणाल्या. पुढे कितीही खोदून विचारलं तरी बाई ढिम्म. आम्ही मात्र एकमेकांकडे संशयाने पाहू लागलो. माझे बाबा तर भडकलेच होते. "शिकलेली बाई आणि लोकांचं खरकटं चिवडते!"

एका सकाळी काकू हातमोज्यांसकट दारात उभ्या. तळहातावर बाबांनी सोडवलेल्या शब्दकोड्याच्या कागदात गुंडाळलेली गोळी. "आधी वाटलं, जुनी असेल. पण तुमच्या पिशवीतून रोज एक निघते. ही पाचवी. आमच्या यांनाही हीच असते, रक्तदाबाची." मी हादरलो. रोज मीच ती बाबांच्या हातात देत होतो. बाबांनी मान खाली घातली. "डोकं जड होतं रे तिने." डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा पाहिला आणि त्यांना घरी परत सोडलंच नाही, थेट भरती केलं.

बाबा वाचले, पण काकूंचा शब्द मोडला. त्यांनी आपणहून जाऊन आपल्या सरांना सांगितलं. सरांनी अख्खा महिना बाद केला. दुसऱ्या इमारतीत पहिल्यापासून सुरुवात झाली आणि पदवी वर्षभर लांबली. "सांगायचंच नाही ना सरांना!" मी चिडून म्हणालो.

"वा! तुमच्या बाबांची चोरी पकडायची आणि माझी लपवायची?"

यंदा पदवी मिळाली आणि पाठोपाठ काकांची बदलीही झाली. वरचा मजला रिकामा आहे. त्या बाईंची फार आठवण येते. बाबा रोज सकाळी गोळी घेतात, पाकिटाचा रिकामा तुकडा कापून सुक्या कचऱ्यात टाकतात आणि पिशवीवर पेनाने सात आकडा काढतात. परवा मी म्हटलं, "बाबा, आता कुणी बघत नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि सात आकडा पुन्हा एकदा गिरवला.