विल्फला कमानीतूनच जायचं होतं

आमच्या गावच्या सराईची कमान एवढी उंच, की टपावर माणसं बसलेली चार घोड्यांची गाडी सरळ आत जायची. त्या कमानीवरच्या खोलीत आधी मी जन्मलो, मग माझा धाकटा भाऊ विल्फ. मी गवंडी झालो. माझ्या तोडीचा गवंडी पंचक्रोशीत नव्हता, अजून नाही. बापामागे सराई विल्फने चालवली.

जन्मभर बिअर विकली, पण स्वतः थेंब घेतला नाही. आणि चिखलाचे बूट त्याला खपायचे नाहीत. कमानीच्या तोंडाशी जमिनीलगत एक लोखंडी पट्टी होती. तिच्यावर तळवे खरवडल्याशिवाय कुणाला आत पाऊल नाही. हवेलीतले लॉर्डसाहेब एकदा घोड्यावरून उतरून तसेच शिरले, तर यानं त्यांना सगळ्यांदेखत मागे फिरवलं. माझा भाऊच तो.

आमच्याकडे चर्चला नेताना शवपेटी कमानीत टेकवायची रीत. खांदेकरी एकेक ग्लास घ्यायचे, मग मागच्या अंगणातून चर्चची वाट. विल्फ म्हणायचा, "वर जन्मलो, खालून जाणार. बर्ट, तू थोरला. तू बघ."

सराई आम्ही चालवायचो, पण मालकी बिअरच्या कंपनीची. तिनं ती विकली आणि सराईची तीन घरं झाली. बारच्या फळीवर आता कुणीतरी भाजी चिरतं. तबेल्यात मोटार. कमानीला दोन्ही तोंडांना सरकत्या काचा बसवून बैठकीची खोली केली. सरकारी माणसं म्हणाली, जुनी कमान आहे, दिसली पाहिजे. जाता आलं पाहिजे, हे त्यांच्यातल्या एकाला सुचलं नाही. एवढी शिकलेली माणसं. विल्फ गावाच्या टोकाला एका बसक्या घरात गेला, तिथं दोन हिवाळे काढले आणि संपला.

पेटी उचलणाऱ्यांना मी सांगितलं, कमानीकडे चला. ते आता लोकांचं घर आहे म्हणाले. मी म्हटलं, माझ्या मागून या.

काठीनं काच ठोकली. आत लंडनहून आलेली इमोजेनबाई चहा पीत होती. काच सरकवून तिनं माझं ऐकलं, पेटीकडे बघितलं आणि एकटीनं सोफा भिंतीला ढकलला. मग हळूच म्हणाली, "बूट तेवढे काढाल का? गालिचा नवा आहे."

माझं डोकंच सणकलं. "बाई, माझा भाऊ तुमच्या डोक्यावरच्या खोलीत जन्मलाय. खांद्यावर त्याला घेऊन ही माणसं एका पायावर नाचतील का?"

ओझ्याखालून जाडा सिरिल बोलला, "बर्ट, बूट बघ आपले. विल्फनं तरी घेतलं असतं का आत?"

खाली बघितलं. चिखल घोट्यापर्यंत. पट्टी जागच्या जागी होती, तिच्यावर बाईनं फुलांची कुंडी ठेवलेली. ती मी पायानं बाजूला सारली. आधी मी तळवे खरवडले. मग सहाही जणांनी पेटी सांभाळत, एकेकानं पाय पुढे करून. पेटी डुलत होती.

आत दोन खुर्च्यांवर विल्फला टेकवला. बाईनं वाईन आणली. पोरांनी घेतली, मी नाही घेतली. मागची काच उघडायला लावली आणि त्याला अंगणातून बाहेर काढला.

निघताना बाईला सांगितलं, "बूट खरवडले ते विल्फसाठी. तुमच्या गालिच्यासाठी नाही."

कुंडी मी परत जागेवर ठेवली नाही.