बीजिंग ते शांघाय, एकट्या गिरिजाताई

बीजिंगच्या हॉटेलात नाश्त्याला बसल्यावर मनालीने फोन बाजूला ठेवला आणि आईच्या समोर चेहरा आणला. म्हणजे काहीतरी महत्त्वाचं सांगायचं होतं. गिरिजाताईंनी चमचा खाली ठेवला आणि लेकीच्या ओठांकडे बघितलं.

"आई, माझं प्रेझेंटेशन उद्यावर गेलं. आजची ट्रेन कॅन्सल करते, दोघींची पण. उद्या संध्याकाळी जाऊ. तू रूममध्ये आराम कर."

"तुझं तिकीट कर कॅन्सल," गिरिजाताई म्हणाल्या. "माझं राहू दे."

गिरिजा मेश्राम मूळच्या नागपूरच्या. आठव्या वर्षी मेंदूज्वर झाला. ताप उतरला तेव्हा कान गेले होते. बोलणं राहिलं, पण आपलाच आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो मध्येच चढायचा, मध्येच बसायचा. लग्न होऊन त्या इंग्लंडमध्ये लेस्टरला आल्या. तिथे पहिल्याच वर्षी नॉटिंगहॅमला शिवणकामाच्या नोकरीसाठी इंटरव्ह्यूला एकट्या निघाल्या. ऐनवेळी प्लॅटफॉर्म बदलला. तो भोंग्यावर सांगितला गेला असणार, कारण आजूबाजूची माणसं निघून गेली आणि त्या मात्र तिथेच उभ्या राहिल्या. ट्रेन गेली, नोकरीही गेली. नवरा घरी आल्यावर मायेनेच म्हणाला, "यापुढे एकटी नको जाऊस. मी आहे ना."

तो चार वर्षांपूर्वी जाईपर्यंत खरंच होता. गिरिजाताईंनी घरापासून चालत जाता येईल अशा हॉस्पिटलच्या लाँड्रीत अठ्ठावीस वर्षं चादरी इस्त्री केल्या. दुकानात बोलायची वेळ आली की त्या चिठ्ठी पुढे करत. आवाज ऐकून लोक वळून बघतात, हे त्यांना ऐकू येत नसलं तरी दिसत होतं.

कार्डिफच्या युनिव्हर्सिटीत नदीच्या पाण्यावर संशोधन करणारी मनाली कॉन्फरन्ससाठी चीनला निघाली, तेव्हा आईलाही घेऊन आली. ताशी साडेतीनशे किलोमीटरने धावणाऱ्या गाडीत बसायची ताईंची इच्छा होती. इतर काही नाही बघितलं तरी चालेल, असं त्यांनी निघतानाच सांगितलं होतं.

"आई, बी सेन्सिबल. तिथे अनाउन्समेंट होतात. तुला कसं कळणार?"

"त्या चिनीत होतात. तुला तरी काय कळणार होतं?"

मनाली भराभर इंग्रजीत बोलू लागली. लेकीच्या ओठांवरची इंग्रजी ताईंना नीट वाचता येत नसे, आणि आज तर वाचायचीही नव्हती. त्यांनी पर्स उचलली. शेवटी मनालीने शांघायच्या हॉटेलचा पत्ता चिनी अक्षरांत लिहून घेऊन त्यांच्या हातात दिला.

स्टेशन विमानतळाएवढं होतं. गिरिजाताई दहा मिनिटं एका खांबाला टेकून नुसत्या बघत राहिल्या. इथले लोक ओळखपत्र टेकवून जातात, पासपोर्टवाले कडेच्या फाटकाकडे वळतात, हे त्यांनी ताडलं. फाटकावरच्या बाईने काहीतरी विचारलं. ताईंनी कानावर हात ठेवून मान हलवली. बाईने पासपोर्ट तपासला आणि अंगठा व दोन बोटं चोचीसारखी जुळवून दाखवली. फोनवरच्या तिकिटात डबा क्रमांक सात होता. म्हणजे इथे सात असा दाखवतात! ताईंनी तशीच चोच करून दाखवली. बाई हसली.

खिडकीजवळची जागा मिळाली. डब्याच्या टोकाला दारावरच्या पाटीवर वेग दिसत होता: तीनशे बारा, तीनशे एकोणपन्नास. बाहेर शेतं, उंच इमारती, पुन्हा शेतं. गाडी कंप पावते का ते बघायला त्यांनी काचेला तळवा लावला, तर लाँड्रीतल्या मशिनपेक्षाही ती शांत होती.

दोन तासांनी बर्फ सुरू झाला. आकडा दोनशेवर आला, मग साठवर, आणि गाडी एका स्टेशनात थांबली ती निघेचना. समोरच्या रांगेत एक इंग्रज जोडपं होतं. दोघं छताकडे बघत होते, म्हणजे वर काहीतरी घोषणा चालली होती. तेवढ्यात सहा-सात माणसं उठून दाराकडे गेली. इंग्रज माणसाने घाईघाईने सूटकेस खाली ओढली आणि बायकोचा दंड धरला.

गिरिजाताई नीट बघत होत्या. दाराकडे गेलेल्यांपैकी कुणी बॅग घेतली नव्हती. दोघांच्या मुठीत लायटर होता. बाकी सगळा डबा शेंगदाणे खात बसला होता.

"बसा!" त्या इंग्रजीत म्हणाल्या. आवाज फार मोठा निघाला असावा, कारण सगळा डबा वळला. लेस्टरला असत्या तर त्यांनी मान खाली घातली असती. "उतरू नका. ते सिगरेट ओढायला गेलेत!"

तो माणूस घुटमळला. बायकोने त्याला खाली बसवलं. पाच मिनिटांत ओढणारे परत आले, दारं मिटली आणि गाडी हलली.

"तुम्हाला चिनी येतं?" बाईने वळून विचारलं. तिचे ओठ वाचायला सोपे होते.

"नाही. मी बहिरी आहे," गिरिजाताई म्हणाल्या, तशाच मोठ्या आवाजात.

गाडी दीड तास उशिरा शांघायला पोचली. फोनवर मनालीचे एकोणीस मेसेज होते. ताईंनी 'पोचले' एवढंच लिहिलं, टॅक्सीवाल्याला पत्ता दाखवला आणि हॉटेलात जाऊन नूडल्स खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी मनाली आली ती सुजलेल्या डोळ्यांनी. "मी किती रडले माहितीये तुला?"

"तुझे बाबाही घाबरायचे," गिरिजाताईंनी तिला जवळ बसवलं. "त्यांच्या भीतीसाठी मी तीस वर्षं घराजवळच बसून राहिले. तुझ्यासाठी नाही बसणार. तुला रडायचं तर रड, मी पाणी देते."

मनाली खरंच रडली. मग त्यांनी तिला चिनी सात शिकवला.

लेस्टरला परतल्यावर रविवारी विहारात वंदना झाली आणि चहाच्या वेळी तिथे नेहमी येणाऱ्या यमुनाबाईंनी विचारलं, "अहो, मुलीने तुम्हाला एकटीला पाठवलंच कसं?"

"पाठवलं नाही. मी गेले," गिरिजाताई म्हणाल्या. आजूबाजूच्या चारपाच जणी वळल्या. त्यांनी वळू दिलं, आणि पुढची गोष्ट आणखी जोरात सांगायला घेतली.